ब्रास बँडची स्पर्धा, डोकं फिरवणारे टेस्ट पीस आणि सेकंड हॉर्नची खुर्ची

हॉर्नवाली (११ जानेवारी)

मंडळी, एक गाऱ्हाणं आणि दोन प्रश्न घेऊन आले आहे. विषय इथे कोणी काढलेला दिसला नाही, म्हणून जरा पाल्हाळ लावते. सांभाळून घ्या.

मी मूळची साताऱ्याची. गेली अकरा वर्षं इंग्लंडात, वेस्ट यॉर्कशरच्या एका दरीतल्या गावात राहते. इथे दर दोन मैलांवर एक ब्रास बँड, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा ताफा, आहे. आपल्याकडे कसं आळीआळीत गणपती मंडळ असतं, तसं. एके काळी कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणी होत्या, त्यांच्या मालकांनी किंवा कामगारांनीच वर्गणी काढून हे बँड उभे केले. जवळच्या क्वीन्सबरीचा ब्लॅक डाइक बँड १८५५ चा, गिरणीतूनच निघालेला. गिरण्या गेल्या, खाणी बुजल्या, बँड राहिले. वाजवणारे आता शिक्षक, प्लंबर, बसचालक, आणि माझ्यासारखी हॉस्पिटलात एक्स-रे काढणारी बाई. पैसे कोणालाच मिळत नाहीत, उलट महिन्याची वर्गणी भरावी लागते.

मी चौतिसाव्या वर्षी टेनर हॉर्न (मधल्या पट्टीचं पितळी फुंकवाद्य) हातात घेतला. आता सेकंड हॉर्न वाजवते. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: बँडमध्ये सोप्रानो (सगळ्यात उंच सुराचा) धरून दहा कॉर्नेट (ट्रंपेटसारखे), एक फ्लुगल, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन आणि चार बास. एकूण पंचवीस, वर तालवाद्यांचे दोन-तीन. या पंचविसांत सेकंड हॉर्न म्हणजे लग्नाच्या फोटोत तिसऱ्या रांगेत उभी असलेली चुलत मावशी. नसली तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, असली तर कोणी बघत नाही.

आता मुद्दा. मार्चमध्ये आमची विभागीय स्पर्धा आहे. देशाचे आठ विभाग आणि बँडच्या पाच श्रेणी, आणि एका श्रेणीतल्या सगळ्या बँडनी एकच रचना वाजवायची. तिला टेस्ट पीस म्हणतात. गुरुवारी तालमीला गेले तर खुर्च्यांवर यंदाचे कागद ठेवलेले. पहिल्याच ओळीत ५/८, म्हणजे एका खणात (बारमध्ये) पाच छोट्या मात्रा, मग ७/८, मग ३/४, परत ५/८. चौथ्या पानावर एक चौकट, तिच्यात सहा सूर, आणि वर सूचना की हे आपापल्या वेगाने वाजवत राहा, शेजाऱ्याशी जुळवू नका. तीन वर्षं मला शिकवलं काय, तर शेजाऱ्याशी जुळवून घे!

माझ्या डाव्या हाताला आमचे बॅरिटोनवाले आजोबा बसतात. वय ७३, नवव्या वर्षापासून याच बँडमध्ये. त्यांनी पानं चाळली, फाइल मिटली आणि म्हणाले, भंगारवाल्याची गाडी उलटली की असाच आवाज येतो. तालीम संपेपर्यंत बँडमध्ये दोन तट. काही म्हणतात यंदा स्पर्धेतच उतरू नये.

तर प्रश्न असे. एक, हौशी लोकांच्या स्पर्धेला असलं संगीत असावं का? दोन, ही मात्रांची भेळ डोक्यात बसवायची कशी?

(पीसचं नाव सांगत नाही. त्यावरून बँड ओळखला जाईल आणि आजोबांना इंटरनेटचं भारी वावडं आहे.)

खडूस_आजोबा (११ जानेवारी)

तुमच्या बॅरिटोनवाल्या आजोबांना पुण्यातून माझा नमस्कार सांगा. अगदी माझ्या मनातलं बोलले.

माझ्याकडे अशा बँडच्या जुन्या तबकड्या आहेत. होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने १९२८ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी 'मूरसाइड सुइट' लिहिला. दोनच वर्षांनी एल्गारने 'सेव्हर्न सुइट' लिहिला आणि बर्नार्ड शॉला अर्पण केला. म्हणजे मोठ्या माणसांनी स्पर्धेसाठीच लिहिलंय, पण ऐकून उठल्यावर माणूस गुणगुणत घरी जातो. हल्लीचं ऐकलं की वाटतं, हे कानासाठी नाही, परीक्षेसाठी लिहिलंय. आणि खरं सांगू? असल्या गोंगाटात एखाद्याने चुकीचं वाजवलं तरी कोणाला कळणार आहे?

हॉर्नवाली (१२ जानेवारी)

आजोबा, नमस्कार पोचवला. ते खूश झाले आणि म्हणाले, पुण्यात शहाणी माणसं राहतात. (मी गप्प बसले.)

शेवटच्या वाक्याला मात्र माझी हरकत आहे. कळतं. चांगलंच कळतं. परीक्षक तंबूत बसतात, म्हणजे खरोखरच कापडी आडोशात. कोणता बँड वाजवतोय ते त्यांना दिसू नये म्हणून. सकाळी चिठ्ठ्या काढून क्रम ठरतो, परीक्षकांकडे फक्त कागद आणि कान. एकच पीस दिवसभरात पंधरा वेळा ऐकल्यावर कोणाचा कुठला सूर निसटला ते त्यांना झोपेतही सांगता येईल.

जुन्या काळाचं म्हणाल तर वाद तेव्हाही होते. ब्रिटिश ओपन १८५३ पासून चालू आहे, मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत सुरू झाली. राष्ट्रीय स्पर्धा १९०० पासून, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये. सुरुवातीची कित्येक वर्षं टेस्ट पीस म्हणजे ऑपेरातल्या गाण्यांची गुंफण. खास बँडसाठी लिहिलेली मोठी रचना राष्ट्रीय स्पर्धेला आली ती थेट १९१३ मध्ये, पर्सी फ्लेचरची 'लेबर अँड लव्ह'. मग होल्स्ट, एल्गार, जॉन आयर्लंड वगैरे संगीतकार. खरा भडका उडाला १९६९ च्या बेल व्ह्यूला. गिल्बर्ट व्हिंटरचा 'स्पेक्ट्रम'. एकेका रंगावर एकेक भाग, आणि सुरावटी लोकांना पचेनात. ती स्पर्धा ग्राइमथॉर्प बँडने जिंकली. व्हिंटर त्याच वर्षी ऑक्टोबरात गेला. आज 'स्पेक्ट्रम' इथे कोणाला अवघड वाटत नाही. आमचे आजोबासुद्धा त्याला 'जुन्या वळणाचं छान काम' म्हणतात. आहे की नाही गंमत?

मात्रामोजणारा (१२ जानेवारी)

धागा आवडला. ब्रास बँडमधलं मला काही कळत नाही. तबला तीस वर्षं वाजवतोय, तेवढंच भांडवल.

ताई, ७/८ ला घाबरता कशाला? रूपक आहे तो. तीन-दोन-दोन. आणि ५/८ म्हणजे अर्धा झपताल, दोन-तीन. आपण लहानपणापासून हे ऐकत आलोय, गोऱ्यांना जड जाईल, आपल्याला नाही.

हॉर्नवाली (१२ जानेवारी)

दादा, मलाही आधी असंच वाटलं होतं. छाती फुगवून कंडक्टरना सांगितलंसुद्धा. पुढच्या दहा मिनिटांत तोंडावर आपटले.

एक तर रूपकाची सम खालीवर, म्हणजे बिनजोराच्या मात्रेवर, पडते. मी सवयीने पहिली मात्रा हलकी सोडते, इथे पहिल्यावरच जोर हवा. दुसरं म्हणजे झपताल एकदा सुरू झाला की तो झपतालच राहतो, फिरून समेवर येतो. इथे पहिला बार पाच, पुढचा सात, मग सहा, परत पाच पण आता उलटा, तीन-दोन. आवर्तनच नाही. समेची वाट बघत बसले तर ती यायचीच नाही.

मात्रामोजणारा (१२ जानेवारी)

मान्य. घाई केली. सम खालीवरची हे तुम्ही बरोबर पकडलंत.

मग ताल विसरा, पढंत करा. आकडे मोजूच नका. दोनाचा गट दिसला की 'तक', तिनाचा दिसला की 'तकिट'. पाच म्हणजे तक-तकिट किंवा तकिट-तक. सात म्हणजे तकिट-तक-तक. ३/४ आला तर तक-तक-तक. सगळ्यात लहान मात्रा एकसारखी चालू ठेवायची, ती कुठेही ओढायची नाही की दाबायची नाही. हॉर्न बाजूला ठेवा आणि पूर्ण पान तोंडाने म्हणा, आधी निम्म्या लयीत. आठ दिवसांनी फुंकायला घ्या.

वरातीतला_ट्रंपेट (१३ जानेवारी)

ताई राम राम. मी सांगलीकडचा. आमच्या घरात तीन पिढ्या लग्नाचा बँड. मेरठची पितळी वाद्यं, लाल कोट, पुढे लायटिंगवाले. नोटेशन मला येत नाही, सगळं कानाने. गाणं दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा वाजवतो.

तुमचा धागा बघून त्या स्पर्धांचे व्हिडिओ लावले. पहिल्यांदा वाटलं, काय एवढं, पंधरा मिनिटं तर वाजवायचं. आम्ही वरातीत चार तास वाजवतो, तेही चालत, उन्हात, धुराळ्यात. ओठ सुजून वडे होतात. पण मग मधला हळू भाग आला. सगळे एकदम बारीक, मुंगीच्या पावलाने, आणि तरी सूर थरथरत नाही. भावाला हाक मारून दाखवलं. आम्हाला आयुष्यात कोणी 'हळू वाजवा' म्हटलेलं नाही ओ. मी घरी करून बघितलं. वरचा सूर, हळू, आठ मात्रा. दुसऱ्या मात्रेला फुर्रर्र.

दोन-तीनचं म्हणाल तर गावं घ्या. पुणे दोन, सातारा तीन. पुणे-सातारा, पाच झाले.

हॉर्नवाली (१३ जानेवारी)

दादा, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. लोकांना वाटतं अवघड म्हणजे जलद. जलद तर सरावाने येतं, जीभ टु-कु टु-कु करायला शिकते. हळू आणि उंच, किंवा हळू आणि अगदी खोल, तिथे दमसास आणि ओठ दोन्ही उघडे पडतात. आताच्या पीसमध्ये तर असा भाग मुद्दाम मधोमध घालतात, आधी सहा मिनिटं ओठांचा भुगा करून झाल्यावर.

आणि पुणे-सातारा!!! हसून हसून पुरेवाट. आजच्या तालमीत सांगितलं. आजोबांनी लगेच आपली जोडी काढली: ब्रॅडफर्ड दोन, हॅलिफॅक्स तीन. आता मधल्या रांगेत मी पुणे-सातारा म्हणते, ते ब्रॅडफर्ड-हॅलिफॅक्स म्हणतात. सातसाठी माझं सातारा-पुणे-वाई. त्यांनी हॅलिफॅक्सपुढे दोनदा ब्रॅडफर्डच लावलंय, दुसरं गाव त्यांना मंजूर नाही.

नगरी_फौजदार (१४ जानेवारी)

नगरहून. आमचं घर मुक्तिफौजेतलं, म्हणजे साल्व्हेशन आर्मी. फौजेची माणसं १८८२ साली मुंबईला उतरली आणि पुढे आमच्या नगर जिल्ह्यात खेडोपाडी पोचली. आजोबा रविवारी कॉर्नेट वाजवायचे, मी युफोनियमवर थोडं शिकलो. आमच्याकडे स्पर्धा हा प्रकारच नाही, बँड उपासनेसाठी. पण स्पर्धेच्या जगाला फौजेनेच कितीतरी संगीतकार दिले, हे तुमच्या धाग्यात यायला हवं म्हणून लिहितो.

विल्फ्रेड हीटन हे त्यातलं मोठं नाव. शेफील्डचा, फौजेतच वाढलेला. त्याला १९७३ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी लिहायला सांगितलं. त्याने लिहून दिलं ते संयोजकांना झेपलं नाही, बाजूला ठेवलं, आणि स्पर्धेला हबर्ट बाथचा 'फ्रीडम' हा जुना पीस लावला. नऊ वर्षं तो कागद तसाच पडून. १९८२ च्या राष्ट्रीय स्पर्धेला अखेर तो लागला. नाव काय, तर 'कॉन्टेस्ट म्युझिक', स्पर्धेसाठीचं संगीत. त्या वर्षी वेल्सचा कोरी बँड जिंकला, आणि पुढची दोन वर्षंही तोच.

खडूस आजोबांना माझा आदरपूर्वक विरोध. त्या पीसमध्ये एक सूर फाजील नाही. गोड नाही, हे कबूल. गवती चहा सगळ्यांना कुठे आवडतो?

अवांतर: तुमच्या बँडमध्ये कॉर्नेटपासून बासपर्यंत सगळ्यांचं नोटेशन एकाच किल्लीत असतं, ट्रेबल क्लेफमध्ये, हे वाचकांना सांगा. फक्त बास ट्रॉम्बोन वेगळा. त्यामुळे कॉर्नेटवाला आजारी बासवाल्याच्या जागी बसला तरी कागद वाचता येतो, बोटं तीच. कामगारांच्या बँडसाठी केवढी सोय!

बर्गनची_थंडी (१५ जानेवारी)

नॉर्वेहून लिहिते आहे. इथे शाळाशाळांतून बँड असतात, माझी मुलगी तालवाद्यं वाजवते, आणि मी त्यांची गाडी चालवते. त्यामुळे माझं मत गाडीवाल्याचं समजा.

आधुनिक पीसचं तालवाद्यांचं सामान बघितलंय का कोणी? टिंपनी, झायलोफोन, व्हायब्राफोन, लांबलचक नळ्यांच्या घंटा, गोंग. एक सूर आहे गोंगला, सबंध पीसमध्ये एक. त्यासाठी तो भाड्याने आणायचा, दोघांनी जिने चढवायचा. जुन्या स्पर्धांत तालवाद्यं जवळजवळ नसायचीच म्हणतात. त्या काळच्या आयांचा मला हेवा वाटतो.

आणखी एक. आमच्या राष्ट्रीय स्पर्धेत, बर्गनच्या ग्रीगहॉलमध्ये, बँडना पीस स्वतःचा निवडता येतो. युरोपियन स्पर्धेत दोन्ही असतं, एक नेमून दिलेला आणि एक आपल्या आवडीचा. वाटेल की त्यामुळे विविधता येत असेल. उलट झालंय. सुरुवातीला आतषबाजी, मग मंद भाग, त्यात सोप्रानो, युफोनियम, ट्रॉम्बोन एकेक करून आपापली कला दाखवणार, मग पुन्हा धावपळ, आणि शेवटी इतका मोठा आवाज की छताची धूळ पडावी. सोळा-सतरा मिनिटं. शिंपी एकच, गिऱ्हाईक वेगळं. अवघड असण्याला माझी ना नाही. पण आता अवघडाचाही साचा झालाय.

सगळेच तसे नाहीत, हेही सांगते. २०१६ च्या युरोपियन स्पर्धेसाठी, फ्रान्समधल्या लीलला, थिएरी डलरुयेलचा 'फ्रॅटर्निटी' नेमला होता. त्याच भागात १९०६ साली कूरिएरच्या खाणीत स्फोट होऊन १,०९९ माणसं गेली, त्यावर आहे. खाणकामगारांच्या वाद्यांवर खाणीची गोष्ट. रेकॉर्डिंग ऐकताना मी गाडी बाजूला घेऊन थांबले होते.

खडूस_आजोबा (१५ जानेवारी)

शिंपी एकच, हे आवडलं. बघा, मी एकटा नाही.

फौजदारसाहेब, 'कॉन्टेस्ट म्युझिक' आज दुपारी शोधून दोनदा ऐकलं. पहिल्यांदा चहा गार झाला. दुसऱ्यांदा मधला मंद भाग बरा वाटला. बरा. याहून जास्त वदवून घेऊ नका.

आता मूळ प्रश्न तसाच आहे. हॉर्नवाली ताई, तुम्ही दिवसभर नोकरी करता, संध्याकाळी बर्फातून तालमीला जाता. त्या दोन तासांत आनंद मिळावा की डोकेदुखी?

हॉर्नवाली (१६ जानेवारी)

आजोबा, यावर कालपासून विचार केला. उत्तर जरा लांब आहे.

जुन्या पद्धतीच्या मार्चच्या धुनेत (कूच करायच्या चालीत) सेकंड हॉर्न काय करतो माहितेय? बास 'बूम' म्हणतो, आम्ही 'चिक' म्हणतो. बूम-चिक, बूम-चिक. पानभर चिक. सूर बहुतेक दोनच, आलटून पालटून. सुंदर गाणी सगळी कॉर्नेटकडे आणि युफोनियमकडे. तुम्हाला जी गुणगुणत घरी नेता येणारी सुरावट हवी आहे ना, ती वाजवायला चार माणसं लागतात. उरलेली एकवीस चिक म्हणत बसतात.

जॉन मकेबचा 'क्लाउडकॅचर फेल्स' १९८५ च्या राष्ट्रीय स्पर्धेला होता. लेक डिस्ट्रिक्टमधल्या डोंगरांची आणि तळ्यांची नावं एकेका भागाला. मी तो गेल्या वर्षी उसनवारीवर, दुसऱ्या एका बँडच्या मैफिलीत वाजवला. तिथे मला पहिल्यांदा कळलं की माझ्या कागदावर जे आहे ते दुसऱ्या कोणाच्याच कागदावर नाही. मी थांबले तर धुक्याला भोक पडतं. हॉर्न आणि बॅरिटोन, बँडमधली कायमची पाहुणेमंडळी, त्यांच्या आवाजानेच तो डोंगर उभा राहतो.

आताचे लोक पंचवीस वेगळी माणसं समजून लिहितात. मागच्या रांगेच्या थर्ड कॉर्नेटला म्यूट (आवाज दबका करणारं बूच) तीनदा बदलायला लावतात, आम्हाला गायला लावतात काय, कुजबुजायला लावतात काय. त्रास आहेच. लहान बँडचं मरण आहे हेही खरं. पूर्वी एखादी खुर्ची रिकामी राहिली तर शेजारचा चिक भरून काढायचा. आता आठ सुरांच्या दाट गठ्ठ्यातला एक सूर गेला की गठ्ठाच सुटतो. आमच्याकडे सध्या थर्ड कॉर्नेट एकच आहे आणि तिची परीक्षा मार्चमध्येच. हा पीस निवडणाऱ्यांनी आमची हजेरीवही बघितली असती तर बरं झालं असतं.

पण डोकेदुखी की आनंद, असं विचारलंत तर माझ्यासारखीला बसायला खुर्ची आधीपासून होती, काम आत्ता मिळालंय.

खडूस_आजोबा (१६ जानेवारी)

हं.

मात्रामोजणारा (१७ जानेवारी)

आजोबांचा 'हं' फ्रेम करून ठेवा.

हॉर्नवाली (९ फेब्रुवारी)

अपडेट देते. मतदान झालं, दोन मतांनी स्पर्धेला जायचं ठरलं. आजोबांनी विरोधात मत दिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तालमीला येऊन बसले.

पढंतीने काम केलं, दादा. आमच्या तीनही हॉर्ननी पहिली दोन पानं तोंडाने पाठ केली. गोऱ्या बायकांच्या तोंडून 'तकिट-तक' ऐकणं ही काय चीज आहे ते सांगून कळायचं नाही.

ती चौकट मात्र भलतीच निघाली. आपापल्या वेगाने वाजवा, जुळवू नका. सोपं वाटतं ना? आम्ही सुरू केलं की पंधरा सेकंदांत सगळे नकळत एका लयीत! कंडक्टर थांबवतात, परत सुरू, परत तेच. वर्षानुवर्षं एकमेकांचं ऐकून वाजवायची सवय, कान ऐकतातच, बोटं मागे जातात. एकत्र वाजवायला शिकायला जेवढा वेळ लागला तेवढाच एकत्र न वाजवायला लागतोय. कंडक्टर म्हणाले, प्रत्येकाने मनात वेगळं काहीतरी म्हणा. कोणी फुटबॉल संघाची यादी म्हणतं, कोणी वाणसामानाची. मी सतराचा पाढा घेतला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. अडुसष्टपाशी मी नेहमी अडखळते, त्यामुळे लय आपोआप मोडते. शाळेत या पाढ्यावरून पट्टी खाल्ली होती, ती आज फळाला आली.

वरातीतला_ट्रंपेट (९ फेब्रुवारी)

आमच्या बँडमध्ये सगळे आपापल्या वेगाने वाजवतात, ते कसं थांबवायचं यावर पण धागा काढा ताई.

हळू सूर आता पाच मात्रांपर्यंत जातोय. फुर्रर्र सहाव्याला.

नगरी_फौजदार (१० फेब्रुवारी)

ट्रंपेटराव, रोज सकाळी नाश्त्याआधी दहा मिनिटं फक्त लांब सूर, मधल्या पट्टीत. वर जायची घाई नको. ओठ दाबू नका, हवा वाढवा. आमच्या आजोबांचा नियम: हळू वाजवायचं असेल तर हवा कमी नाही करायची, बारीक करायची.

बर्गनची_थंडी (२ मार्च)

हॉर्नवाली, शुभेच्छा! क्रमांक पहिला निघू नये म्हणून इथून बोटं दुमडून बसले आहे. सकाळी सगळ्यात आधी वाजवायला कोणालाच नको असतं, परीक्षकांचे कान गरम व्हायचे असतात.

हॉर्नवाली (९ मार्च)

झाली एकदाची. हडर्सफील्डच्या टाउन हॉलमध्ये. चिठ्ठीत आमचा क्रमांक पाचवा, म्हणजे ना धड सकाळ ना धड जेवणानंतर, बरा.

थर्ड कॉर्नेटची मुलगी परीक्षा देऊन थेट युनिफॉर्मचा कोट हातात घेऊन आली, आम्ही स्टेजवर चढायच्या वीस मिनिटं आधी. तंबूतून शिट्टी वाजली, कंडक्टरचा हात वर गेला. पहिलं पान तकिट-तक करत कधी गेलं कळलंच नाही. चौकटीत मी अडुसष्टला अडखळले, अगदी ठरल्याप्रमाणे. मंद भागात सोप्रानोचा वरचा सूर एकदा फुटला, त्याने पुढचा तोच सूर असा काही लावला की माझ्या अंगावर काटा आला आणि मी माझी एंट्री अर्धी मात्रा उशिरा घेतली. शेवटच्या पानाला गोंग वाजला. एकच सूर, भाड्याचा.

बारा बँडमध्ये सातवे. पुढच्या फेरीत जात नाही, खालच्या श्रेणीतही जात नाही. परीक्षकांच्या शेऱ्यात हॉर्नबद्दल एक ओळ आहे, की मधले सूर स्पष्ट ऐकू आले. ती ओळ मी मोबाइलवर फोटो काढून आईला पाठवली. आईने विचारलं, मधले म्हणजे कोण गं?

आता खरी गंमत, आणि ही लिहावी की नाही याचा बराच विचार केला. परत येताना व्हॅनमध्ये आजोबा शेजारी. म्हणाले, अठ्ठ्याऐंशीव्या बारला तू दर वेळी ब्रॅडफर्ड-हॅलिफॅक्स का वाजवतेस? माझ्या कागदावर तर हॅलिफॅक्स-ब्रॅडफर्ड आहे. मी म्हटलं, शक्यच नाही, पुणे-साताराच आहे, मी पाठ केलंय. घरी येऊन कागद उघडला. सातारा आधी, मग पुणे. म्हणजे मी दोन महिने तो बार उलटा वाजवत होते, स्पर्धेतही. फोन करून आजोबांना विचारलं, मग आधी का नाही बोललात? तर म्हणे, मला वाटलं तुझ्या कागदावर तसंच लिहिलं असेल. आधुनिक आहे ना.

शेरे परत वाचले. तीन परीक्षकांपैकी एकानेही त्या बारबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

खडूस_आजोबा (९ मार्च)

ताई, ११ जानेवारीचा माझा प्रतिसाद वर आहे. शेवटचं वाक्य. सावकाश वाचा.